लाज ठेवायला खोली

पहिल्या भेटीत सिस्टरनी माझं नाव विचारलं नाही. दारातच माझ्या उजव्या डोळ्याखालची पापणी अंगठ्याने खाली ओढली, माझं तोंड उजेडाकडे फिरवलं आणि म्हणाल्या, "रक्त कमी हाय. एकटाच ना? खोली बघ. आवडली तर सामान आण."

नाव त्यांनी बऱ्याच दिवसांनी विचारलं आणि शेवटपर्यंत चुकीचंच घेतलं.

पापणी ओढायची ही सवय त्यांना नोकरीतून लागली होती. जन्मभर उपकेंद्रात नर्स होत्या. निवृत्त झाल्या तरी माणूस दिसला की नमस्काराच्या आधी पापणी. लग्नात नवरीची ओढली, मयतीत रडणाऱ्यांची ओढली, एकदा प्रचाराला आलेल्या उमेदवाराची ओढली. तो बिचारा हात जोडून उभा, मागे घोषणा चाललेल्या, आणि सिस्टर त्याच्या डोळ्यात डोकावून म्हणतायत, "शेवग्याचा पाला खा आधी, मग मतं माग." उमेदवार पडला. सिस्टरना त्याचं वाईट वाटलं, कारण रक्त खरंच कमी होतं.

गाव शेणव्याच्या पुढे, फाट्यावरून थोडं आत. मी तेव्हा भातसानगरला धरणाच्या ऑफिसात कारकून होतो. क्वार्टर रिकामं होईपर्यंत कुठेतरी राहायचं म्हणून सिस्टरची पुढची खोली घेतली. घर बौद्धवाडीच्या टोकाला, खोलीला वेगळं दार, दारासमोर जास्वंदीचं झुडूप. आत एक खाट आणि फिनेलचा वास. हा वास सिस्टर जातील तिथे जायचा.

मी मध्यमवर्गीय घरातला. आमच्याकडे पोट बिघडलं तरी 'जरा बरं नाही' एवढंच सांगायची पद्धत. सिस्टरकडे असला आडपडदा नव्हता. लघवी, पाळी, संबंध हे शब्द त्या वांगी-बटाट्याच्या आवाजात उच्चारत. अंगणात भांडी घासता घासता रस्त्यावरून जाणाऱ्या नव्या सुनेला विचारत, "काय गो, आली का पाळी?" सून पदरात तोंड घालून पळायची. पण संध्याकाळी तीच सून मागच्या दाराने येऊन बसलेली मी पाहिलेली आहे.

नोकरीत असताना निरोधची पाकिटं वाटायचं काम त्यांच्याकडे होतं. उपकेंद्रात पुरुष फिरकेनात. घरी जाऊन द्यावीत तर सासू दारात बसलेली. सिस्टरनी खोका उचलला आणि गिरणीत नेऊन ठेवला, खिडकीजवळच्या फळीवर. त्यांचं म्हणणं असं, की पिठाच्या गिरणीत जायला कोणाला कारण लागत नाही. खोका भराभर संपायला लागला. थोड्या दिवसांनी गिरणीवाला तक्रार घेऊन आला.

"सिस्टर, दाने नसताना मानसं येतान गिरनीत. नुसतीच उभी र्‍हातान."

"तुझं काय जातं? जागा जाते का?"

"जागा नाय जात. पन मी बगतोय म्हनून ती उचलीत नायत, आन् ती उचलीत नायत म्हनून जात नायत."

"मग तू बघू नको," सिस्टर म्हणाल्या. तेव्हापासून कोणी रिकाम्या हाताने आलं की गिरणीवाला पट्टा तपासायला पाठमोरा व्हायचा.

हा किस्सा त्यांनी मला अनेकदा सांगितला. सांगून झाला की त्यावर एक वाक्य ठरलेलं असायचं. "लोकं म्हणतात गरिबाला लाज नाय. अरे, लाज ठेवायला पण खोली लागते." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो.

गावात येताना फाट्यावर एसटीचा निवारा लागतो. तो सिस्टरनी बांधलेला. नवरा कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होता. तो गेल्यावर निवृत्तीच्या पैशातून त्यांनी चार खांब, वर पत्रा, मागे भिंत आणि बसायला कट्टा एवढं उभं केलं. भिंतीवर निळ्या रंगात 'कालकथित' लिहून पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव आणि त्याखाली 'यांच्या स्मरणार्थ'. बौद्ध घरांतून कैलासवासी लिहीत नाहीत, कालकथित लिहितात. दर रविवारी सिस्टर बादली आणि खराटा घेऊन फाट्यावर जायच्या आणि दवाखान्याचा वॉर्ड धुवावा तसा तो निवारा फिनेलने धुवायच्या. कोणी कट्ट्यावर पाय वर घेऊन बसलं की त्याला खाली उतरवून पापणी बघायच्या.

तिथे रोज बसणारा एकच माणूस होता, आणि त्याला कुठेही जायचं नसायचं. तात्या. पिढ्यान् पिढ्या गावात शेती असलेल्या घरातला म्हातारा, सिस्टरहून थोडा मोठा. निवाऱ्याला लागूनच त्याचं भाताचं खाचर. जेवून आला की बसायचा, गाड्या बघायचा. सिस्टरशी त्याचं बोलणं म्हणजे निव्वळ भांडण. फिनेलचा वास येतो म्हणून तो कुरकुरायचा आणि सिस्टर त्याच्या अंगाला तंबाखूचा वास येतो म्हणायच्या.

आता जरा वेगळ्या गोष्टीकडे वळायला हवं.

शहापूर ते मुरबाड हा पट्टा भाताचा. पण अलीकडे फार्महाऊसचं पीक भातापेक्षा जोरात येतं. शनिवार-रविवार मुंबईकर येतात. मधल्या दिवसांत बंगले रिकामे, म्हणून ते शूटिंगला दिले जातात. आधी मालिकावाले यायचे, मग गाण्यांच्या अल्बमवाले, मग ॲपवाले. ॲपवाल्यांचं कसलं शूटिंग असतं हे सगळ्यांना माहीत असायचं आणि कोणी बोलायचं नाही. आमच्या गावाजवळच्या एका बंगल्याचा राखणदार ऑफिसात माझ्या टेबलाशी येऊन बसायचा. त्याने मला या धंद्याची प्रगती सांगितली होती. पहिल्या वर्षी सगळं बेडरूममध्ये. पुढच्या वर्षी गच्चीत. मग पोहायच्या तलावात, मग कुंपणापाशी. शेवटी कॅमेरा गेटच्या बाहेर पडला. याने विचारलं, बंगल्याचे पैसे भरलेत ना, मग उन्हात कशाला? तर उत्तर मिळालं, "अंदर का अब कोई नहीं देखता. पब्लिक को पब्लिक जगह चाहिए."

ऑफिसातल्या चहाच्या वेळी ज्या क्लिपा फिरायच्या त्यांवरूनही हे कळत होतं. गाडीतळ, जिना, शेत, पुलाखाली. पात्रं तीच ती, कथा नव्हतीच कधी, बदलली ती फक्त मागची जागा. बघणाऱ्याला ते उघडं अंग दाखवत नव्हते, कोणी येईल की काय हा धसका दाखवत होते. माझं हे निरीक्षण मी चहाच्या टेबलावर मांडलं तेव्हा सहकारी म्हणाले, तुम्ही फार बघता वाटतं.

तर त्या वर्षी भाताची झोडणी संपत आली असताना फाट्यावर एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. लोक निवाऱ्यात बसेनात. बाया, बाप्ये, शाळा-कॉलेजची पोरं, सगळी रस्त्याच्या कडेला उन्हात उभी. तात्यासुद्धा स्वतःच्या बांधावर छत्री उघडून बसलेला. दहा पावलांवर सावली आणि तिकडे कोणी बघत नव्हतं.

सिस्टरना वाटलं फिनेल जास्त झालं. त्यांनी ते निम्मं केलं. लोक उन्हातच. मग त्यांना वाटलं पत्र्याखाली गांधीलमाश्यांचं पोळं असेल. माझ्याकडून शिडी धरवून घेतली, स्वतः वर चढल्या, काठीने पत्रा ठोकून पाहिला. पोळं नव्हतं. ज्याला त्याला विचारलं, "का रे, आत का नाय बसत?" जो तो म्हणाला, "असाच." तात्याला विचारलं तर म्हणाला, "ऊन बरा वाटतं." सिस्टरनी त्याची पापणी ओढायला हात पुढे केला, तेव्हा तो छत्रीआड गेला.

शेवटी एका दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या आणि खाटेवर बसल्या.

"तू शिकलेला हायस. सांग काय झालंय."

"एक क्लिप आलीय म्हणतात."

"कसली?"

"तसली."

"तसली म्हणजे? संबंधाची?"

जास्वंदीपलीकडे रस्त्याने जाणारी दोन माणसं थबकली. मी मान हलवली.

"आपल्या शेडमधे?"

मी सांगितलं. पहाटेचं कधीतरी, गाडी यायच्या आत, ॲपवाल्यांनी निवाऱ्यात शूटिंग केलं होतं. मागची भिंत दिसत होती. नवऱ्याचं नाव क्लिपमधल्या बाईच्या डोक्यामागे झाकलं गेलं होतं, पण 'यांच्या स्मरणार्थ' स्पष्ट वाचता येत होतं. गावाने निवारा त्यावरूनच ओळखला. ज्याने त्याने पाहिलं होतं. सिस्टरना सांगायचं म्हणजे आपण पाहिलं हे सांगायचं, म्हणून सगळे उन्हात उभे होते.

सिस्टरनी खाटेवरची चादर हाताने सरळ केली. मग त्यांनी विचारलं, "पण त्यांना बंगला होता ना? खाट, गादी, पंखा? मग शेडमधे कशाला?"

लोकांना कोणी बघेल ही भीती बघायला आवडते, त्यासाठी पैसे देऊन बघतात, असं मी जमेल तसं समजावलं. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले.

"ती भीती इकत घेतान? आमाला ती फुकट होती रे."

तेव्हा मला त्याचा अर्थ नीट लागला नाही.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. मी गावचा नव्हतो, पण कडेला उभा राहिलो. सरपंच बाई होत्या, बोलायचं काम त्यांचे यजमान करायचे. ते उभे राहून म्हणाले, "फाट्यावरच्या शेडचा इषय हाय. जा काय झालं ता झालं. पन सिस्टरच्या मालकाचं नाव हाय तितं. त्यांच्या नावाची बदनामी नको. आमचं म्हननं, नाव पुसून टाकू. नायतर शेडच पाडू, नवीन बांधू. आन् कॅमेरा लावू फाट्यावर, म्हंजे पुन्हा कोन असा करनार नाय."

कोणीतरी गोमूत्र शिंपडायचं सुचवलं. सिस्टर बसल्या जागेवरून म्हणाल्या, "शिंपडा. खाली माझं फिनेल हाय, त्याच्यावर शिंपडा." कोणी शिंपडलं नाही.

मग त्या उठल्या. पांढरी साडी, हातात नेहमीची कापडी पिशवी. आवाज चढवला नाही, पण पिशवीचे बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. नवऱ्याचं नाव पुसायचं म्हटलं होतं, आणि ते त्यांना लागलं होतं.

"काय झालं ता झालं म्हणजे काय झालं? कोणी पायलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं. लोक म्हणत होते असं सगळे म्हणाले. ग्रामसेवकाने पेनाचं टोपण काढलं, लावलं आणि ठरावात कारण काय लिहू असं हळूच विचारलं. तेही कोणाला सांगता येईना.

"न पायलेल्या गोष्टीसाठी माझ्या माणसाचं नाव पुसताव?" सिस्टर म्हणाल्या.

तेव्हा मागून तात्या उठला. "मी पायला," म्हणाला. "नातवाच्या मोबायलात. हा घ्या."

व्हरांड्यात सुई पडली तर ऐकू आली असती. पण सुईऐवजी मोबाइल वाजला, कारण त्याचा आवाज कसा बंद करायचा हे तात्याला किंवा सिस्टरना येत नव्हतं. बायांनी पदर तोंडात कोंबले. त्यांचे खांदे हलत होते. पुरुष छताची कौलं मोजत होते. सिस्टरनी चष्मा चढवून, मोबाइल नाकाजवळ धरून ती क्लिप शेवटपर्यंत पाहिली. मग मोबाइल तात्याला परत दिला.

"बाईला थंडी वाजतेय," त्या म्हणाल्या. "अंगावर काटा हाय तिच्या. तिशी उलटलेली, मूल झालेली बाई हाय. रस्त्याकडे बघते ती भिऊन नाय बघत, तिला सांगितलंय तसं बघते. कामाला आलेली हाय. कोणी शालसुद्धा दिली नाय तिला."

यजमान म्हणाले, "सिस्टर, पन अशी जागा..."

"जागेचंच बोलते. तुमी बसा." ते बसले. "आमी नऊ माणसं एका खोलीत राहायचो. मी, हे, सासू-सासरे, दोन दीर, नणंदा. हे कसाऱ्यावरून यायचे, मी सेंटरवरून. दोघांच्या गाड्या संध्याकाळी फाट्यावर यायच्या. तेव्हा तिथं शेड नव्हती, जांभूळ होती. घरी सांगायचो, गाडी लेट झाली. ती रोज लेट व्हायची. त्या जांभळीखाली आमचा संसार झाला. बोलायचो. आणि नुसतं बोलायचो नाय."

कोणी हसलं नाही.

"रस्त्याला जांभूळ तोडली म्हणून मी तिथं शेड बांधली. दुसरीकडं कुठं बांधू? यांचं नाव तिथंच पायजे." मग त्यांनी सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं, पापणी बघतात तसं. "आणि तुमी? तुमच्यातली निम्मी माझ्या हातावर आलात. माझी बाळंतपणं कधी जास्त असायची म्हाइत हाय? श्रावण-भादव्यात. मागं नऊ महिने मोजा. भात कापून भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या असतात तेव्हा. घरात जागा नाय, आणि उडवीमागं आडोसा. मग सगळीच शेतं पाडायची का?"

लोक खरोखर मोजायला लागले. ग्रामसेवक बोटांवर मोजताना मी पाहिला. सरपंचबाईंनी आपल्या यजमानांकडे पाहिलं आणि त्या सभेत पहिल्यांदाच स्वतः बोलल्या. "ह्यांचा जन्म भादव्यातला," एवढंच म्हणाल्या. मग मात्र व्हरांडा फुटला. बाया मोकळ्या हसल्या. यजमानही हसले, दुसरा इलाज नव्हता.

कॅमेऱ्याचा विषय पुन्हा निघाला तेव्हा तात्या म्हणाला, "कॅमेऱ्यानंच तर झाला ह्या. आनखीन कशाला कॅमेरा?" ठराव लिहिला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बसची वाट बघत होतो. तात्या छत्री मिटून आला, कट्ट्यावर बसला आणि फिनेलचा वास येतो म्हणून कुरकुरला. मग एकेक करून लोक सावलीत आले. मीही बसलो. डोक्यामागे निळी अक्षरं होती. मला सिस्टरचा अभिमान वाटला, आणि वाटला हे इथे सांगायला हरकत नाही.

पण सिस्टरचं तेवढ्याने भागलं नव्हतं. पंधरवडा गेला असेल. त्या पुन्हा माझ्या खाटेवर येऊन बसल्या.

"तू खोली सोड."

"काय झालं?"

"झालं काय नाय. वरच्या आळीत नवीन सून आलीय. घरात अकरा माणसं. तिची पापणी पायली, रक्त चांगलं हाय, तोंड उतरलेलं. इचारलं तर रडली. लग्नाला चार महिने झाले, नवऱ्याशी धड बोलणं नाय."

"म्हणून मी कुठे जाऊ?"

"तुला क्वार्टर मिळल. तिला कोण देणार?"

मला राग आला होता. भाडं वेळेवर देत होतो, ओरडा नाही, गोंधळ नाही. त्यांचं म्हणणं असं, की एकट्या माणसाला खोलीची काय गरज, तो कुठेही एकटाच असतो. मग मी ऑफिसात खेटे घालून भातसानगरला एका सहकाऱ्याच्या क्वार्टरमध्ये पथारी टाकली. जाताना पाहिलं तर सुतार खोलीच्या दाराला आतून नवी, जाड कडी बसवत होता.

पुढे कळलं ते गिरणीवाल्याकडून. खोलीची किल्ली गिरणीत ठेवलेली असायची, खिडकीजवळच्या खिळ्याला. ज्याला हवी त्याने न्यायची, झाली की परत टांगायची. चादर धुऊन ठेवायची, एवढाच नियम. कोणी नेली हे विचारायचं नाही. "दाने नसताना पुन्हा यायला लागली मानसं," गिरणीवाला म्हणाला, आणि या वेळी ती तक्रार नव्हती.

मागच्या वर्षी सिस्टर गेल्या. पुण्यानुमोदनाला मी गेलो. अंगणात मांडव, फोटो, मेणबत्त्या. कल्याणहून आलेला त्यांचा पुतण्या व्यवस्था बघत होता. त्याने मोठे स्पीकर आणि माइक आणला होता. पाहुणे वाढले, खुर्च्या कमी पडल्या. खुर्च्या पुढच्या खोलीत आहेत असं कोणीतरी सांगितलं. दार बंद होतं. पुतण्याने मला पिटाळलं, कारण किल्ली कुठे असते हे मला ठाऊक होतं.

मी गिरणीत गेलो. खिळा रिकामा होता. गिरणीवाल्याकडे पाहिलं तर तो पट्टा तपासत पाठमोरा उभा होता.

परत येऊन किल्ली नाही म्हणून सांगितलं. पुतण्या वैतागला. "मग कुलूप तोडू," म्हणाला आणि दाराकडे निघाला. दाराला कुलूप नव्हतं. बाहेर जास्वंदीखाली चपलांचे दोन जोड काढून ठेवलेले होते. तात्या काठी टेकत त्याच्या आडवा आला.

"र्‍हाऊ दे. उघडल तासाभरानं."

"कोण आहे आत? आज? कार्यक्रम आहे आपला!"

"तिनं कदी इचारला नाय. तू नको इचारू." तात्याने मांडवाकडे हात केला. "सतरंज्या घाला. खाली बसतील मानसं."

सतरंज्या घातल्या. सगळे खाली बसले, बाया दाराकडे पाठ करून. पुतण्या माइक हातात घेऊन उभा राहिला, तेव्हा तात्याने त्याच्या हातातून तो काढून घेतला आणि स्पीकरची पिन उपटली. वंदना झाली. मग चार-पाच जण सिस्टरबद्दल बोलले, सगळेच हळू आवाजात.